जागा आहे, नाव नाही

सोमवारी अकरा वाजता विद्यापीठाच्या संगणक केंद्रात यमुताई रोकडे कपाळाला हात लावून बसल्या होत्या. नवी फाइल उघडायला गेलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच उत्तर येत होतं. यादी भरली आहे, नवं नाव देता येत नाही.

यमुताई वनस्पतिशास्त्र शिकवत. संत्र्याच्या पानांवरच्या डागांची चार वर्षांची मोजमापं त्यांनी तीन जाड वह्यांत भरून आणली होती. ती यंत्रात घालून शनिवारी पाचपर्यंत तक्ते छापून दिले नाहीत, तर नोंदणी रद्द होऊन पीएच.डी. पहिल्यापासून करावी लागणार होती.

"कुसुमताई, तुमचं यंत्र म्हन्ते जागा नाई."

"जागा हाय वं. अर्ध्याच्या वर रिकामी पडली हाय," यंत्र सांभाळणाऱ्या कुसुमताई हेडाऊ हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या तरी हळूच बोलत, त्यामुळे त्या रागावल्यात हे कुणाला कळत नसे. "नावं संपले."

१९८७ सालच्या त्या यंत्राचा कारभार असाच होता. त्याच्या यादीत पाचशे बारा ओळी. दर फाइलच्या नावाला एक ओळ, मग फाइल मोठी असो की एका अक्षराची. कोणत्या विभागाला किती जागा आणि कोणती नावं, याचं रजिस्टर कुसुमताईंकडे होतं आणि त्या ते पोथीसारखं फडक्यात बांधून ठेवत.

"म्हन्जे घर रिकामं, पन पाटी लावाले दार नाई," यमुताई म्हणाल्या. "तुमच्या देवाले सांगा नं काही."

यमुताईंचा देवावर विश्वास नव्हता आणि कुसुमताईंचा देव सोडून बाकी कशावर नव्हता. सकाळी तुळशीला पाणी, सोमवार, एकादशी, चातुर्मासात वांगं बंद. तरी दोघींचा डबा रोज एकत्रच सुटे.

संध्याकाळपर्यंत कुसुमताईंनी इतिहास विभागाच्या मिनतवाऱ्या करून एक जुनी फाइल पुसून घेतली. एक ओळ मोकळी झाली, पण तोवर केंद्र बंद व्हायची वेळ झाली. मंगळवारी अकराला यमुताई वह्या घेऊन आल्या, तर यादी पुन्हा भरलेली.

"काल तं एक नाव मोकळं केलं होतं!" कुसुमताई चकित झाल्या.

मंगळवारी संध्याकाळी भूगोलवाल्यांनी एक नाव सोडलं. बुधवारी सकाळी तेही गेलेलं. आता कुसुमताईंनी सगळ्या विभागांना खरमरीत सूचना काढली, "काही स्वार्थी व्यक्ती रात्रंदिवस नावे बळकावत आहेत. देव पाहत आहे, याचे भान ठेवावे." शेवटचं वाक्य टंकलेखकानं गाळायला सांगितलं, पण त्यांनी ठेवलंच.

केंद्राचे प्रमुख महादेवराव किरपान सांख्यिकीचे प्राध्यापक. त्यांनी हिशेब मांडला. चोरी होते ती संध्याकाळी पाच ते सकाळी अकराच्या मध्ये. बुधवारी संध्याकाळी गणित विभागाचं एक नाव मोकळं करून घेऊन त्यांनी शिपाई धोंडबाला गुरुवारी सकाळी दार उघडल्यापासून यंत्राच्या खोलीत, कपाटाआड बसवलं.

अकराला सगळे जमले. यादी भरलेली.

"कोण आलं होतं गा धोंडबा?" महादेवरावांनी विचारलं.

"कोनीच नाई आलं साहेब."

"अरे, मंग नाव काय हवेनं नेलं?"

"आता मी काय सांगू? फकत आपल्या बाई आल्या. चपला काढल्या, हात जोडले, टकटक टकटक केलं, पुन्हा हात जोडले, बटन बंद केलं अन् गेल्या. त्या तं रोजच येते."

सगळ्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताई लाल झाल्या.

गोष्ट अशी होती. यंत्राला धूळ चालत नसे, म्हणून त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत गार, शांत, अर्धवट उजेड. कुसुमताईंना पहिल्या दिवशीच तो गाभारा वाटला होता. तेव्हापासून कामाच्या दर दिवशी, चहाच्याही आधी, एकशे आठ वेळा हरिनाम टाइप करायचं असा त्यांनी नेम धरला. कालच्यात आजचं मिसळायचं नाही, म्हणून रोज नवी फाइल. रजिस्टरात नोंद नाही, कारण देवाचं कोणत्या विभागात धरणार? त्यामुळे नावांच्या हिशेबात ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

महादेवरावांनी यादी छापली आणि लाल पेन्सिलीनं मोजली. चारशे सात.

"पाचशे बारापैकी चारशे सात! कुसुमताई, अख्खं विद्यापीठ उरलेल्यात राहून राहिलं!"

"अन् मी साऱ्या विभागायले स्वार्थी म्हटलं," कुसुमताई पुटपुटल्या.

"ते मंग पाहू. आधी पुसा."

"सर, देवाचं नाव कसं पुसू? जपाच्या वह्या भरल्या का आमी कन्हानले जाऊन नदीत सोडतो. पुसत नाई."

"मंग हे यंत्रच नेऊ का साहेब कन्हानले?" धोंडबानं मदत देऊ केली.

यमुताई मात्र हसल्या नाहीत. वह्या छातीशी धरून म्हणाल्या, "कुसुमताई, मी तुमाले म्हननार नाई पुसा म्हनून. पन शनिवार गेला का माझे चार वर्सं गेले."

कुसुमताई चपला काढून पडद्यापुढे बसल्या. "एकेक उघडते, नमस्कार करते अन् पुसते. तो समजून घेईन."

पहिली फाइल उघडली. आत काही नव्हतं. दुसरी उघडली, कोरी. दहावी, पन्नासावी, शंभरावी, सगळ्या कोऱ्या.

"जपानंतर सेव्ह करत नव्हत्या का?" महादेवरावांनी विचारलं.

"ऑफिसचं करते नं सर. पन हे कसं करू? त्याले शेवटी 'सेव्ह' असं टाइप करा लागते. हरिनामानंतर दुसरा शब्द लिहाचा नाई, असा माझा नेम. शेवटचं अक्षर त्याचंच पाह्यजे. मी हात जोडून बटन बंद करत होते."

महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हन्जे दीड वर्सं तुमी रोज नुसती पाटी लावली."

"अन् आत कोनीच राह्यत नव्हतं," कुसुमताई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत मोठ्यानं हसल्या. पुसण्याचं पाप टळलं होतं, पण पुण्य कुठं जमा झालं ते यंत्रालाही ठाऊक नव्हतं. यंत्र दर फाइलला विचारी, खरंच पुसू का? त्या दर वेळी "पूस बाबा" म्हणून कळ दाबत. चारशे सात वेळा.

यमुताईंना नाव मिळालं. गुरुवारी पहिली वही, शुक्रवारी दुसरी. शनिवारी तिसरी वही संपली तेव्हा साडेतीन झाले होते. छापायला तासभर हवा होता. शेवटचा आकडा टाइप करून यमुताईंनी पडद्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, आणि आजवर कुठल्या देवळात न जोडलेले हात आपोआप जोडले गेले.

कुसुमताईंनी झडप घालून ते दोन्ही हात सोडवले.

"हात मंग जोडजा वं माय!" त्या चक्क ओरडल्या. "आधी सेव्ह करा!"