रॉय टोल्वानेनची संपूर्ण सुधारणा

माणूस सुधारू शकतो, या एका श्रद्धेवर मानवी संस्कृती उभी आहे. आमच्या हॅलवर्सन काउंटीत तो दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी एक ते चार या वेळात सुधारतो. (त्या दिवशी सुट्टी आली तर बुधवारी.)

मी तिथे एकतीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होतो. न्यायाधीश ज्यांना तुरुंगाऐवजी अटींवर घरी पाठवतात, त्यांच्या अटी सांभाळणं हे आमचं काम. माणसं सांभाळायला वेगळं खातं आहे, असं ऐकून होतो.

अटी बावीस. त्यातली अकरावी सर्वांत शहाणपणाची: गुन्हा सिद्ध झालेल्या कुणाच्याही सहवासात राहायचं नाही. ती पाळली जाते की नाही, हे मासिक अर्जातला प्रश्न क्रमांक नऊ विचारतो. माझ्या कारकिर्दीत अकरा हजारांवर अर्ज आले आणि प्रत्येकाने 'नाही' असं लिहिलं. एवढं निर्भेळ यश कुठल्याही धर्माला मिळालेलं नाही.

मग रॉय टोल्वानेन आला. याने गोठलेल्या तळ्यावरची शेजाऱ्याची मासेमारीची खोपटी ट्रॅक्टरला बांधून घरी ओढून नेली होती. शेजारी आत होता. (चोरी म्हणावी की अपहरण, यावर वकील दोन महिने भांडले. शेजाऱ्याची तक्रार एवढीच, की गळाला मासा लागत होता.) रॉयला बायको नाही. घरी म्हातारी आई, एल्मा. तिला आठवड्यातून तीनदा साठ मैलांवर डायलिसिसला न्यायचं काम त्याचंच, म्हणून तर न्यायाधीशांनी त्याला बाहेर ठेवलं.

आम्ही त्याला प्रामाणिकपणाच्या वर्गाला घातलं. बारा आठवडे, शेवटी प्रमाणपत्र. आजवर हा वर्ग कुणाला लागू पडलेला नव्हता, त्यामुळे आम्ही गाफील होतो.

पुढच्या हजेरीच्या मंगळवारी रॉयने प्रश्न नऊला 'हो' लिहिलं. खाली तपशील: माणसं सात, स्थळ तुमचीच बाहेरची खोली, वेळ पन्नास मिनिटं, कारण साहेब जेवायला गेले होते.

'हो' दिसताच कॉम्प्युटर आपोआप अटभंगाचा अहवाल काढतो. शिक्षा नव्वद दिवस, आत.

"तुझ्या माणसाला आवर," आमच्या वरिष्ठ मार्लिसबाई म्हणाल्या. "खुर्च्या भिंतीकडे तोंड करून लावते हवं तर."

खुर्च्या फिरवल्या. पुढच्या अर्जात रॉयने सात पाठी नोंदवल्या. मग त्याला बाहेर, उणे वीसमध्ये उभं केलं. तिथे सिगारेट ओढायला सगळे आले. राग आवरायच्या गटचर्चेला जावं तर अट अकरा मोडे, न जावं तर अट सहा. शेवटी त्याच्या एकट्याचा गट केला. (त्या गटाचा अहवाल माझ्याकडे आहे. सर्व ठराव एकमताने मंजूर.)

पण पहिला अहवाल कोर्टात पोचलाच होता. सुनावणीच्या सकाळी मार्लिसबाईंनी मला शेवटचं काम दिलं: त्याला एकदा 'नाही' म्हणायला शिकव. लोकांना खरं बोलायला लावण्यात माझी हयात गेली होती. उलट्या दिशेचा अनुभव नव्हता.

"रॉय, एक शब्द आहे रे," मी म्हणालो.

"पण होतो ना साहेब मी त्यांच्यात. तो डेल तर माझ्या खांद्यावर झोपला होता. घोरत होता."

"आईला कोण नेणार?"

तो टोपी चुरगाळत बसला. "तुम्हीच शिकवलंत," एवढंच म्हणाला.

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हेगारांच्या सहवासात होतास?"

रॉयने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एल्मा म्हणाली, "नाही म्हण मेल्या, आणि चल. माझी तीनची डायलिसिसची वेळ आहे. चुकली तर परवापर्यंत सुजून बसेन मी."

रॉयने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच शपथेवर खोटं बोलला. "नाही."

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. अहवालात मी स्वतः लिहिलं: 'उल्लेखनीय सुधारणा. समाजात मिसळण्यास योग्य.' मायलेकं दोन पन्नासला दवाखान्यात पोचली. रॉयने प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मला टपालाने परत पाठवलं. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

तुम्ही हसलात, ते योग्यच. तुम्ही कधीच असं केलं नसणार. 'वरील माहिती खरी आहे' याच्याखाली तुमच्या सगळ्या सह्या शुद्ध आहेत. फक्त एक बाब नियमाप्रमाणे कानावर घालतो: गेली चार मिनिटं तुम्ही गुन्हा सिद्ध झालेल्या एका इसमाच्या सहवासात आहात, आणि तुम्हाला तो आवडलाही. अर्ज येईल. काय लिहायचं ते मी सांगायला नको.

तेवढं काळ्या शाईने लिहा. निळी आमचं मशीन वाचत नाही.