अर्ध्या गॉगलचे डॉक्टर

लग्नाच्या पंगतीत बसले की डॉ. खांबेटे आधी प्लास्टिकचा चमचा उजेडात धरत. शर्टाच्या खिशातून गॉगलच्या दोन सुट्या काचा काढत, चमचा त्यांच्यामध्ये धरत आणि म्हणत, "जरा फिरवून बघू." एक काच फिरली की पारदर्शक चमच्यात इंद्रधनुष्य उमटे. साच्यातून काढताना तो कुठे ओढला गेला, हे ते शेजाऱ्याला समजावून सांगत. तोवर जिलबी पुढे गेलेली असे.

शरीराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग सांगणं हा त्यांचा व्यवसाय. गंगापूर रोडवर दीड खोलीची प्रयोगशाळा. मी सायखेड्याच्या झेंडूवाल्यांचा मुलगा. सायकलवरून प्रयोगशाळांना रसायनं पोचवत मी दुकान उभं केलं. नाशिकमध्ये भावात मला कोणी हरवलेलं नाही, खांबेटे सोडून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमायलॉइड नावाचं एक बिघडलेलं प्रथिन शरीरात साचतं. मूत्रपिंडात साचलं की तिथल्या गाळण्या बुजतात. तुकड्याला काँगो रेड नावाचा लाल रंग द्यायचा आणि खास प्रकाशात बघायचं. रोग असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. त्या खास प्रकाशाचं परदेशी यंत्र मी त्यांच्यासाठी आणलं. भाव इतका उतरवला की माझ्याच जिवावर आलं. त्यांनी ते दुपारभर वापरून पाहिलं. मग स्वतःचा, तसाच प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइड काचांचा गॉगल काढून मोडला, एक काच आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकात खाली बसवली, दुसरी वर, आणि फिरवली.

"हिरवं दिसतंय, शेठ. तुमचं यंत्र घेऊन जा."

हे तीन डॉक्टरांसमोर. दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. रंगाच्या बाटल्या मात्र पाठवत होतो.

त्यातही खोड होतीच. प्रत्येक तपासणीला ते तुकड्याचा पातळ काप लावलेल्या दोन काचपट्ट्या रंगवत. एक रोग्याची, दुसरी ओळखीची, म्हणजे जिच्यात रोग आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे अशी. ओळखीची चमकली नाही तर रंगच खराब, म्हणून रोग्याच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. या हिशेबात त्यांनी माझ्या दोन बाटल्या परत केल्या. बाटल्या जरा जुन्या होत्या, एवढंच. मी तावातावाने भांडलो.

मग अक्काचं आलं. मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीने. तिचे सांधे वर्षानुवर्षं सुजलेले, आता पायही फुगले. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सुईने शेवईएवढा तुकडा काढला. मी तो थेट मुंबईला पाठवणार होतो. अक्का म्हणाली, "तू ज्याच्यावर एवढा चिडतो ना, तो माणूस खरा हाय बघ. त्यालाच दे."

खांबेट्यांनी मला नळीला डोळा लावायला सांगितलं. सगळा काळोख, आणि त्यात हिरव्या ठिणग्या. तुकड्यात अठरा गाळण्या आल्या होत्या, सातांत रोग शिरला होता.

"पाच लिहा," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

ते हसले नाहीत. "जरा फिरवून बघू," म्हणाले आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला बसले. चहा निवून गेला.

"सातच. पण अकरा मोकळ्या आहेत, शेठ. तुम्ही सातांवर भांडताय, मी अकरांसाठी लिहितोय."

हे प्रथिन सांध्यांच्या जुन्या सुजेमुळेच साचत होतं; ती सूज दाबून ठेवली तर त्या अकरा टिकण्याची आशा होती. त्यांनी लगेच अक्काच्या डॉक्टरांना फोन लावला. तरी मी पट्ट्या मुंबईला पाठवल्याच. त्या खांबेट्यांनी स्वतः कापसात बांधून दिल्या. मुंबईच्या अहवालातही सातच. एवढी मोठी प्रयोगशाळा, एवढी यंत्रं, आणि आमच्या नाशिकच्या मोडक्या गॉगलपुढे एकाचाही फरक नाही. हे मी अजून प्रत्येक दुकानात सांगतो. अक्का पुढे आठ वर्षं झेंडूच्या बांधावर बसून मजुरांवर ओरडत होती.

मागच्या वर्षी बघितलं तर ओळखीची पट्टी ज्या मेणात पुरलेल्या तुकड्याच्या ठोकळ्यातून कापतात, तो साबणाच्या चिपेएवढा उरला होता. पट्टी दर वेळी ताजी कापावी लागते. मी म्हणालो, मुंबईहून दुसरा ठोकळा आणून देतो. फुकट, असंही म्हणालो. ते नको म्हणाले. ठोकळ्याच्या कडेला पेन्सिलीने 'बापू' लिहिलेलं दिसलं. मी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "त्याचा तुकडा मी साध्या उजेडात पाहिला होता. काही नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर कळलं." काचा शर्टाला पुसून त्यांनी खिशात ठेवल्या. "म्हणून आता आधी त्याला बघतो."

यंत्राचा राग माझा गेलेला नाही. पण माझ्या त्या दोन जुन्या बाटल्यांपायी बापूचे दोन काप वाया गेले, हे त्या दिवशी समजलं. तेव्हापासून खांबेट्यांची बाटली मी नोकराला भरू देत नाही. नवा डबा फोडतो, रंग स्वतः कालवतो आणि स्वतःच पोचवून येतो.