मालनच्या मागचा नंबर

मसाला मोजायला अक्षता बाथरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते, हे तिच्या नवऱ्याला, हर्षदला, कळलं तेव्हा त्याला ऑफिसला जायला उशीर होत होता आणि अंघोळ व्हायची होती.

"अगं, काय करतेयस आत?"

"धणे मोजतेय."

"बाथरूममध्ये?"

"हळू बोल ना! भिंतीला भिंत लागून आहे शेजाऱ्यांची."

या सगळ्याला सोसायटीच्या हॉलमध्ये झालेली महिला उद्योजकांची कार्यशाळा जबाबदार होती. नमिता मॅडमनी तिथे बऱ्याच कामाच्या गोष्टी सांगितल्या. भाव लावताना आपली मजुरी धरा, नातेवाइकांना फुकट वाटू नका, गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका. हे सगळं सांगून होईपर्यंत अक्षता मागे चहाच्या रांगेत अर्धवट ऐकत उभी होती. कप घेऊन खुर्चीत येऊन बसली, तेव्हा मॅडम शेवटच्या मुद्द्यावर आल्या होत्या. "आपल्या धंद्याचं गुपित जपा. स्पर्धक कुठेही असू शकतो." अक्षता घरी आली ती तेवढंच घेऊन.

आणि गुपित जपायला कारणही होतं. मरोळच्या एका कॅन्टीनचा मॅनेजर कृणाल याने तिच्या मालवणी मसाल्याचा नमुना चाखून सांगितलं होतं, "ताई, झकास! दर महिन्याला लागेल. फक्त चव हीच पाहिजे." नोकरी सोडल्यापासून बिल्डिंगमधल्या बायका आणि नणंदा एवढंच तिचं गिऱ्हाईक होतं. "करतेय ना काहीतरी, तेवढाच वेळ जातो," हे ऐकून तिचे कान किटले होते. ही ऑर्डर टिकली तर तो धंदा ठरणार होता. नाहीतर वेळ जातोच आहे.

म्हणून ती संशय घेऊ लागली. दूधवाला दारात जरा जास्त वेळ थांबला की संशय. शेजारची दर्शना शिंकली की संशय, कारण मिरची भाजली हे तिला कसं कळलं? पण सगळ्यात पक्का संशय होता तो मालनवर.

मालन गोराईची कोळीण. बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची आणि आपला कोळी मसाला कुटायला शिवदासच्या डंकावर, म्हणजे मुसळांच्या गिरणीवर, यायची. डंकावर कुणीच आपला माल सोडून हलत नाही. प्रत्येक बाई स्टूल ओढून, नाकाला पदर लावून, मसाल्याची चिमूट इकडची तिकडे होत नाही ना, यावर डोळा ठेवून बसते. पण मालनची तऱ्हा निराळी होती. कधीही जा, अक्षताच्या आधीचा नंबर तिचाच. आणि जाता जाता अक्षताच्या डब्यात डोकावून नाकाने एक लांब श्वास घ्यायची.

"काय गो बाय, जायफळ जरा जास्तीच वाटते."

अक्षता झाकण लावायची.

एकदा शिवदास सहज बोलून गेला, "मालनमावशी फोन करून विचारतात ना, राणेबाई कधी येणार म्हणून. मग तुमच्या आधी पोचतात."

झालं! आता पुरावाच मिळाला. बाई पाळत ठेवून होती. अक्षताने त्याच दिवशी ठरवलं, कॅन्टीनचा मसाला शिवदासकडे कुटायचाच नाही.

रिक्षात पोती घालून ती थेट मरोळच्या एका डंकावर गेली. तिथला माणूस अनोळखी, म्हणजे संशयाला पात्र. तिने त्याच्याकडून उखळ आधी फडक्याने लख्ख पुसून घेतलं.

"मॅडम, एवढं कुणी पुसत नाय हो."

"मी पुसते. परत पुसा."

शेवटचा दाणा कुटून होईपर्यंत ती तिथून हलली नाही. घरी येऊन तिने त्याच मसाल्याची बांगड्याची आमटी केली. हर्षदने पहिला घास घेतला आणि वाटी जरा बाजूला सरकवली. बांगड्याची वाटी बाजूला सारणारा माणूस तो नव्हता.

"काय झालं?"

"वाईट नाहीये गं. पण तो नाहीये."

कृणालने तर डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेतला. "ताई, हा तो नाही ना. शनिवारपर्यंत तो आणा, नाहीतर मला दुसरं बघावं लागेल."

अक्षताचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मरोळवाल्याने माल बदलला. मिरचीवाल्याने जुनी मिरची दिली. हर्षदने बाथरूमच्या फटीतून बघून कुणाला तरी सांगितलं.

"मी?" हर्षद म्हणाला. "मला धणे आणि बडीशेप ओळखता येत नाही!"

हे खरं होतं. मग तिला रडूच कोसळलं. वाट लागली होती, आणि कुणी लावली तेही कळत नव्हतं.

नव्याने सामान भाजून ती शिवदासकडे गेली. मालनचा मसाला नुकताच निघाला होता आणि ती पिशवीचं तोंड बांधत होती. अक्षताने शिवदासला फर्मावलं, "आधी उखळ पूस. लख्ख."

"नाय जमणार, राणेबाई. रिकाम्या उखळात मुसळ आपटलं तर तुटेल. आधीच्या बाईच्या मसाल्याची मूठ मी तळाला ठेवतोच. सगळ्यांचीच ठेवतो."

"माझ्यात पण?"

"मग! कायमच."

अक्षता उखळात बघत राहिली. तळाला मालनचा लालभडक मसाला होता. बाथरूमची कडी लावून जे जपलं, ते तिचं नव्हतंच. नमुन्याच्या छोट्या डब्यात ती मूठ पुरून उरली होती. मोठ्या ऑर्डरला मूठ पुरणार नव्हती, आणि पुसलेल्या उखळात तर मूठच नव्हती.

आता एकच रस्ता उरला होता, आणि तो मालनच्या पिशवीतून जात होता.

"मालनमावशी, मला तुमचा थोडा मसाला पाहिजे."

मालनने पिशवी मागे ओढली. "कशाला गो?"

खोटं सुचेना, म्हणून अक्षताने सगळं सांगून टाकलं. कॅन्टीन, मरोळ, पुसलेलं उखळ, अगदी बाथरूमसुद्धा. मालन आधी डोळे बारीक करून ऐकत होती, मग गदागदा हसली.

"अगो, मी तुझ्या पुढे नंबर लावते ते कशाला? तुझ्या मागून आले तर माझे मसाल्याला तुझ्या जायफळाचा वास लागतो! तू डब्याला झाकण लावतेस, मी माझा मसाला वाचवते!"

"मग द्याल ना?"

"देईन. दर महिन्याला देईन. पण माझी मजुरी धरून भाव लावीन, आन् तू माझी नातेवाईक नाय, फुकट काय मिळणार नाय."

अक्षताला वाटलं, ही बाई कार्यशाळेला नक्की पुढच्या खुर्चीत बसली असणार.

शनिवारी कृणालने डबा उघडला, वास घेतला आणि नुसताच अंगठा वर केला. रिक्षात बसल्या बसल्या अक्षताने पहिला फोन मालनला केला, हर्षदला दुसरा.

पुढच्या महिन्यात दोघी डंकावर शेजारी शेजारी बसल्या. अक्षताच्या डब्याला झाकण नव्हतं. मालनचं लक्ष मात्र आज त्या डब्याकडे नव्हतं. तिच्या मसाल्याला सगळी बोरिवली नावाजत होती, आणि ती उखळाच्या तळाकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने पिशवीवर पदर ओढला, शिवदासला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"काय रे शिवदास, माझे आधी दर वेळी कोण येते?"