सुंदर विचार, आई!

“ताई, गच्चीच्या अंगानं बी एक हँडल बसवून घ्या. उद्या कुणी वर अडकलं तर?” कुलूप बसवायला आलेला शिवप्रसाद दोनदा म्हणाला होता. वर्षाराणीने ते हसून उडवून लावलं. “अहो, चोर वरूनच येतात. त्यांच्यासाठी हँडल लावू का?” शिवप्रसादने ड्रिल मशीन पिशवीत घातलं.

कुलूप मोठं हुशार होतं. दार टेकलं की आपोआप लागायचं आणि जिन्याच्या बाजूने अंगठा ठेवला किंवा मोबाईलवर बटण दाबलं की उघडायचं. ते घेण्याचं कारण चार वर्षांची अक्षरा. ती एकटी जिना चढायला शिकली, त्या दिवसापासून वर्षाराणीची झोप उडाली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज आणि स्विचबोर्डांना झाकणं लावून झाली होती, राहिली होती ती गच्ची. अंगठे दोघांचेच नोंदवले होते, तिचा आणि नवऱ्याचा, अमरनाथचा. सासूबाई लक्ष्मम्मांचाही घेऊन पाहिला, पण चाळीस वर्षं भाकऱ्या थापून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. मशीन म्हणालं, बोट दिसत नाही. “मग हे काय हाय?” म्हणत लक्ष्मम्मांनी मशीनला बोट दाखवलं आणि विषय संपवला.

वर्षाराणी डिजिटल स्ट्रॅटेजिस्ट होती. म्हणजे काय, हे लक्ष्मम्मा लातूरभर असं सांगत, “सून घरात बसूनच पुण्याच्या हाफिसात जाती.” लोकांचं लक्ष कसं वेधायचं, हे कंपन्यांना शिकवणं हे तिचं काम. अलीकडे तिने त्याला सजग जगण्याची जोड दिली होती. हळू जेवा, खोल श्वास घ्या, समोरच्याचं नीट ऐका. कंपन्या याचेही पैसे देत होत्या.

लक्ष्मम्मांची दुनिया वेगळी. अमरनाथचा जुना मोबाईल त्यांच्याकडे आला होता. त्यात सिम नव्हतं, घरच्या वायफायवर चालायचा. रोज पहाटे साडेपाचला त्या ‘आपला परिवार’ या दोनशे चौदा माणसांच्या ग्रुपवर फुलांचा फोटो आणि ‘शरणार्थ, शुभ सकाळ’ असा नमस्कार टाकत, आणि तेच सुनेला वेगळं पाठवत. उत्तर आलं नाही की चहाच्या वेळी विचारणा होई, “मेसेज पोचला का न्हाई?” शेवटी वर्षाराणीने तोडगा काढला. सासूबाईंचा मेसेज आला की तिच्या मोबाईलवरून आपोआप उत्तर जाईल अशी सोय केली. ‘सुंदर विचार, आई! दिवस छान जावो 🙏’

लक्ष्मम्मा हरखल्या. “कितीबी कामात असू दे, माझ्या सुनंचं उत्तर पहिलं येतंय बघा.” हे ऐकताना वर्षाराणीला आत कुठेतरी टोचायचं, पण तेवढ्यात पुढची मीटिंग सुरू व्हायची.

एप्रिलातला तो मंगळवार कुरडयांचा होता. साडेदहाला वर्षाराणीने सासूबाईंना गच्चीचं दार उघडून दिलं आणि ते लागू नये म्हणून उंबऱ्यात वीट ठेवली. “अक्षराकडे लक्ष ठेवा बरं का, आई. अकरा ते एक माझी मीटिंग आहे. काही लागलं तर मेसेज टाका.”

“जा तू. मी चार लेकरं वाढविली, एकबी गच्चीवरून पडलं न्हाई.”

“तेव्हा गच्ची कुठं होती आई?”

“म्हणूनच तर!”

गव्हाचा चीक घेऊन आज्जी-नात वर गेल्या. अक्षराला बाहुलीचं घर बांधायचं होतं. घराला वीट लागते. तिने उंबऱ्यातली वीट उचलली आणि दार लागलं.

खाली वर्षाराणी कानांना मोठे हेडफोन लावून पुण्यातल्या साठ कर्मचाऱ्यांना ‘कान देऊन ऐकणे’ हा विषय शिकवत होती. हेडफोन नवे, बाहेरचा आवाज अजिबात आत न येणारे. माईकला मात्र सगळं ऐकू जात होतं. सव्वाअकराला एक जण म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे काहीतरी ठोकतंय.”

“शेजारी बांधकाम चालू असेल,” वर्षाराणी प्रसन्न हसली. “आवाजावर चिडायचं नाही. त्याला स्वीकारायचं. चला, डोळे मिटा. प्रत्येक ठोक्याबरोबर एक श्वास आत.”

वर लक्ष्मम्मा कुरडयांचा पितळी सोऱ्या गच्चीच्या फरशीवर आपटत होत्या आणि पुण्यात साठ माणसं त्या तालावर श्वास घेत होती. मधेच लक्ष्मम्मा दम खायला थांबल्या तेव्हा एका बाईंचा श्वास अडकला, असं नंतर कळलं.

एक वाजता मीटिंग संपली. वर्षाराणीने हेडफोन काढले. घरात एवढी शांतता, आणि अक्षरा जागी असण्याची वेळ! स्वयंपाकघर, बाथरूम, पलंगाखाली, सगळं पाहून झालं. मग तिने मोबाईल उचलला.

‘वर्षा, गच्चीचं दार लागलं. उघड.’

‘सुंदर विचार, आई! दिवस छान जावो 🙏’

‘आगं इचार न्हाई, दार!’

‘सुंदर विचार, आई! दिवस छान जावो 🙏’

‘अक्षराला शू आली.’

‘सुंदर विचार, आई! दिवस छान जावो 🙏’

‘तू चेष्टा करायलीस का?’

‘सुंदर विचार, आई! दिवस छान जावो 🙏’

असे सतरा मेसेज आणि सतरा उत्तरं. वर्षाराणीने मोबाईल ओट्यावर टाकला, दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली, अंगठा टेकवला, दार ढकललं आणि समोर टाकीच्या सावलीत बसून वाटीतून चीक-साखर खाणाऱ्या अक्षराला तिने घट्ट मिठी मारली.

मागे कुलूप टिंग करून लागलं.

“आता तू बी आलीस का,” लक्ष्मम्मा म्हणाल्या. “बस. वाटी घे.”

“आई, ऊन बघा किती झालंय! तुमचं बीपी... गोळी घेतलीत?”

“गोळी खाली हाय. दोन वाजता असती.”

वर्षाराणीने गच्चीभर नजर फिरवली. एकच माठ, त्यात तळाला पाणी, आणि टाकीची सावली बोटाबोटाने सरकत चाललेली. अमरनाथ दुकानाचा माल आणायला उदगीरला गेलेला. गाडीवर असताना तो मोबाईल बघत नसे. ही शिस्त तिनेच लावली होती. शेजारच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास चालू होता, खिडक्या बंद आणि एसी सुरू. भर दुपारच्या उन्हात गल्लीही ओस पडलेली. लक्ष्मम्मांच्या मोबाईलवर वायफायची एकच दांडी, मेसेज जात होता पण कॉल लागत नव्हता.

“ग्रुपवर टाकलं नाहीत का?”

“टाकलं की. एकसष्ट जणांनी हात जोडले.”

“द्या इकडे. लक्ष वेधणं माझं कामच आहे.” वर्षाराणीने पदर खोचावा तशी ओढणी बांधली आणि लिहिलं, ‘🚨 तातडीचे! कृपया शेवटपर्यंत वाचा. आम्ही तिघी गच्चीवर अडकलो आहोत. त्वरित मदत हवी!’

उत्तरं धडाधड आली. ‘हा जुना मेसेज आहे, विश्वास ठेवू नका.’ ‘काकूंचा मोबाईल हॅक झाला वाटतं.’ ‘पैसे मागितले तर देऊ नका.’ आणि बावीस हात. एका भाच्याने तर लक्ष्मम्मांना ग्रुपमधून काढूनच टाकलं.

“झालं काम तुझं?” लक्ष्मम्मांनी मोबाईल काढून घेतला. “आण. दोनशे माणसाला एकदम बोललं की कुणालाच बोलल्यासारखं होतंय.” आणि बोटाने एकेक अक्षर टिपत त्यांनी दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीला, गुणाबाईंना लिहिलं, ‘गुणाबाई, गुडघा कसा हाय? खरं सांगा.’

“आई, दार म्हणा ना! गुडघ्याचं काय मधेच?”

“गप बस.”

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. त्यात हात नव्हते, फूलही नव्हतं. ‘तुम्हीच इचारलं बघा. येते.’

तीन मिनिटांच्या वाटेला गुणाबाईंना पंचवीस मिनिटं लागली. कठड्यावरून तिघी बघत होत्या. गुणाबाई भिंतीचा आधार घेत, दर खांबाशी थांबत येत होत्या. काखेत एक्स-रेचं पाकीट होतं.

“आगं बया,” लक्ष्मम्मा हळूच म्हणाल्या. “रोज सकाळी हिचे जोडलेले हात यायचे. मला वाटलं, बरी हाय.”

गुणाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या आणि वर बघून सुरूच झाल्या, “लई सुजलाय हो लक्ष्मम्मा! आठ दिस झाले. लेकाला हैद्राबादला कळीवलं न्हाई, उगं काळजी करतंय. थांबा, दाखविते.” त्यांनी एक्स-रे उन्हाला धरला.

“काकू, दार! आम्ही अडकलोय!” वर्षाराणी ओरडली.

“मग आदी सांगायचं न्हाई का? मी बोलतच बसले!”

अंगठा गुणाबाईंचाही नोंदवलेला नव्हता. शेवटी कुरडयांखालचं लुगडं काढून त्याला बादली बांधली आणि गच्चीवरून खाली सोडली. गुणाबाई मोबाईल आणायला उघड्या दारातून लंगडत घरात गेल्या आणि बादली हलवून इशारा केला. बादली वर आली, तिच्यात टीव्हीचा रिमोट.

“हा नाही काकू! ओट्यावरचा मोबाईल!”

“मला काय म्हाईत, सगळेच काळे!”

दुसऱ्या फेरीत मोबाईल आला, आणि सोबत एक्स-रेही. “तेवढं बघून घ्या,” खालून आवाज आला. कुलूप उघडलं तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. गोळी वेळेवर गेली.

संध्याकाळी डॉक्टरांनी गुणाबाईंच्या गुडघ्यातलं पाणी काढलं आणि पंधरा दिवस पाय हलवायचा नाही म्हणाले. “घरी कोण आहे तुमच्या?” त्यांनी विचारलं. गुणाबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. “मी हाय की,” लक्ष्मम्मा म्हणाल्या, आणि गुणाबाईंची पिशवी परस्पर आपल्याच घरी आणली. आता दोघी पलंगावर बसून कुरडया तळायच्या तेलावरून भांडत होत्या आणि अक्षरा दोघींचीही वाटी रिकामी करत होती.

पुण्याच्या कंपनीला वर्षाराणीकडून सजग जगण्याची सात सूत्रं हवी होती. त्या रात्री तिने एकच पाठवलं. कंपनीने ते छापलं की नाही, कोण जाणे. म्हणून ते इथे दिलं आहे.

‘तुमच्या ओळखीत एखादं माणूस एकटं राहत असेल. ते बरं आहे, असं तुम्ही धरून चालला असाल. हे वाचून झालं की त्याच्या दारात जा. चहा मागा. “मी बरी हाय” असं उत्तर आलं तरी लगेच उठू नका. म्हणा, जरा चालून दाखवा.’