गाळ काढणारा जाधव

दर रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या चार संडासांपैकी एकावर पत्र्याची पाटी लटकायची. 'बॉयलर धुणे चालू. जवळ येऊ नये.' पाटी खरीखुरी मिलची. मिल गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, पण पाटी सिताराम जाधवानं घरी आणून ठेवली होती. पाटीमागे तो स्वतः बसलेला असायचा. पहाटे उठून एरंडेल घेतलेलं असायचं.

"काका, अजून किती वेळ?" शेजारची मालती बाहेर बादली आपटायची.

"वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडत नाहीत, बाय!" आतून आवाज.

काळाचौकीच्या चाळीत आमच्या दोघांच्या खोल्या समोरासमोर. मी साचेखात्यात मागावर होतो, तो बॉयलरवर फिटर. मी चौथी शिकलो, तो सातवी. तेवढ्या तीन इयत्तांचा माज त्यानं आयुष्यभर केला. बॉयलरच्या तळाला गाळ साचतो, खालचा वॉल उघडून तो सोडून द्यावा लागतो, हे त्याचं मिलमधलं काम. रिटायर झाल्यावर तेच त्यानं स्वतःच्या अंगावर चालू केलं. भेटेल त्याला सांगायचा, "गाळ काढला पाहिजे." लग्नात जेवताना सांगायचा. मयताला गेला तरी सांगायचा, "ह्यानं वेळेवर गाळ काढला असता तर..." तिथून मी त्याला ओढून आणलाय.

दुसरं म्हणजे बिघडलेली वस्तू त्याला बघवत नाही. कोणाचा पंखा कुरकुरला, कोणाची शेगडी फुरफुरली, की हा न बोलावता पाना घेऊन उंबऱ्यात हजर. माझा कुकर त्यानं तीनदा उघडला. त्यातल्या एका वेळी कुकर चांगला होता.

त्याची बायको सुमनवहिनी होती तोवर हे खूळ रविवारपुरतं होतं. दुपारी बारा वाजले की वहिनी गॅलरीत येऊन ओरडायची, "पुरे झाला तुमचा बॉयलर, भात निवतोय!" की हा निमूट आत. गेल्या पावसाळ्यात वहिनी गेली. मुलगी सुरतेला दिलेली, ती बारा दिवस राहून परत गेली. त्यानंतर ह्याचं प्रकरण वाढलं. मोबाईलवर कोण एक बाबा सांगायचा, एकवीस दिवस नुसता रस प्या, सगळं विष बाहेर. ह्याचे एकवीस संपले की परत एकवीस. रक्तदाबाची गोळीसुद्धा बंद केली. म्हणे, ती पण गाळच.

शर्ट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. मी म्हटलं, "जाधवा, भट्टी पेटलेली असताना बॉयलरमधलं पाणी कमी झालं तर काय होतं?"

"फुटतो."

"मग?"

"मी नाय फुटणार. आणि परब्या, तू मला शिकवू नको. तुझ्यात साठ वर्षांचा गाळ आहे."

मी पण कमी नाही. पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. ती माझी चूक. पण हे मी त्याला सांगितलेलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी त्याच्या मोरीत भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर हा भिंतीला टेकून बसलेला, ओकून ओकून पांढरा पडलेला. शेजारी दुधीच्या रसाचा पेला, निम्मा रिकामा. चाळीतल्या पद्धतीनं त्याला खुर्चीत बसवून चौघांनी तीन जिने उतरवला. खुर्चीत मान धरवत नव्हती, तरी म्हणतो, "खुर्चीचा डावा पाय ढिला आहे. घरी गेल्यावर आवळतो."

इस्पितळात पोरीच्या वयाची डॉक्टरीण होती. "आजोबा, रस कडू लागला नाही?"

"लागला ना. कडू तेच काम करतं."

"कडू दुधी विष असतो! जिभेला लागला की थुंकायचा. आणि गोळी कोणाला विचारून बंद केली?"

"बॉयलर आमचा, बाई."

"मग रिपेअर आम्ही करतोय, तोवर गप्प पडा."

पहिल्यांदाच त्याला कोणीतरी गप्प केलेला बघितला. पण तिनं बाहेर येऊन मला सांगितलं, "रक्तदाब फार उतरलाय. शरीरात काही उरलेलंच नाही. हे जेवले नाहीत तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल."

त्याचा टॉवेल आणायला मी त्याची खोली उघडली. ओट्यावर सगळं लख्ख. सहज तांदळाचा डबा उघडला. पोरकिड्यांनी भरलेला. वर वहिनीची मापाची वाटी, तिलाही जाळी लागलेली.

परत जाऊन म्हटलं, "डबा उघडतोस की नाही?"

तो सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "उघडला होता, दोनदा. सुमन दोघांना दोन वाट्या घ्यायची. म्हणून मी एक घातली. तो भात होतच नाय रे. टोपाचा तळ झाकत नाय. करपतो नायतर लापशी होते. मग लोक विचारायचे, जाधव, जेवलात का? काय सांगू? म्हटलं, गाळ काढतोय. कोण काय बोलत नाय मग."

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी पाव-चहावर दिवस ढकलतो, फक्त त्याला कसलं नाव देत नाही.

आठ दिवसांनी तो घरी आला. दुसऱ्या दिवशी बाराला मी नवे तांदूळ आणि माझं ताट घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो.

"माझा गॅस बिघडलाय. भात टाकतोस का?"

"काय झालंय?"

"पेटत नाय."

त्याचा हात पान्याच्या खुंटीकडे गेला. मी म्हटलं, मेलो, आता हा येऊन बघणार. हात तिथंच थांबला. मग त्यानं फळीवरच्या डब्यातली वहिनीची वाटी काढली, धुतली आणि दोन वेळा भरून टोपात ओतली.

ह्याला पाच महिने झाले. माझा गॅस ठणठणीत आहे, सकाळचा चहा मी दार लावून करतो. बाराला ताट घेऊन जातो. चाळीतली प्रत्येक शेगडी उघडून बघितलेला हा माणूस माझ्या दारात अजून पाना घेऊन आलेला नाही.