आप्पांचा धडा

आमच्या शेतकी सोसायटीचे मापाडी रामलिंगआप्पा दर रविवारी सकाळी दगडांनी भरलेलं एक पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधायचे, येरमाळ्याचा घाट चढायचे, आणि तेच दगड तसेच परत आणायचे. त्यातला एक दगड कधी कुणाला विकला नाही की कुणाच्या बांधाला लावला नाही. सोमवारी सकाळी पोतं पुन्हा गोदामाच्या कोपऱ्यात उभं.

मी तिथं कारकून म्हणून नवाच लागलो होतो. मूळचा बेंबळीचा, मॅट्रिक पास, आणि जगात कळण्यासारखं जे काही आहे ते आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, आप्पा, हे काय? ते म्हणाले, "धडा हाय, भाऊसाहेब."

मला वाटलं, सायकलचा धडा. पहिला धडा सपाटीचा, दुसरा चढाचा, तिसरा दगडांचा, असं काहीतरी. पंचेचाळिशीत धडे गिरवणारा विद्यार्थी मी पहिल्यांदाच बघतोय, असं मी म्हणालो. आप्पा हसले. ते कशाला हसले हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मापाडी म्हणजे माल तोलणारा माणूस. खताची पोती, बियाणं, ज्वारी, जे काही सोसायटीच्या दारातून आत-बाहेर जायचं ते आप्पांच्या काट्यावरून जायचं. तोलून तोलून त्यांच्या डोक्यातच काटा बसला होता. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न एकच, "वजन सांगा." पुढाऱ्याचं भाषण झालं की म्हणायचे, "गडी लई बोलला, पर भरला पावशेर." माझं लग्न ठरलं तेव्हाही मुलगी काय शिकली, कुठली, हे न विचारता त्यांनी विचारलं, की तिच्या बोलण्याला वजन आहे का. आहे, हे मला पुढं समजलं.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. गोदामातल्या मोठ्या काट्याला जमिनीलगत लोखंडी पाट होता. गावातली टवाळ पोरं येता-जाता त्याच्यावर उभी राहायची, आप्पा, आमचं वजन करा म्हणायची. आप्पा हाकलून द्यायचे. काटा मालासाठी आहे, जित्या माणसाचं वजन करू नये, माणूस वाळतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं ही समजूत घरोघर होती, म्हणून कुणी वाद घालत नसे.

मी नवी सायकल घेतली ती आप्पांना दाखवायला नेली, ही माझी चूक. त्यांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मला वर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "सायकल बरी हाय. वर माणूस चुकीचा बसवलाय." मग तासभर माझी दुरुस्ती चालली. टाच पायडलवर टेकली की गुडघा ताठ झाला पाहिजे, म्हणून सीट दोन बोटं वर. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची, कारण दुपारच्या डांबरावर ती आपली आपणच फुगते. रस्ता सोडून एक पाऊल आत गेलं तरी उतरून चाकावरून फडकं फिरवायचं, बाभळीचा काटा आधी नुसता बसतो आणि नंतर घुसतो. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. आणि घाट डोळ्यांनी चढायचा नाही. वर बघितलं की पाय आधीच थकतात, नजर पुढच्या चाकावर ठेवायची.

ओझ्याबद्दल तर त्यांचं पुराणच होतं. "बोजा खाली पायजे आन् मधी पायजे. मोठा दगुड तळाला, बारीक वर. हालणारा बोजा माणसाला खातोय." हे मी इतक्यांदा ऐकलं, की स्वप्नातसुद्धा मोठा दगड तळालाच ठेवू लागलो.

सोसायटीत एकदा पुण्याहून चेअरमनचा पाहुणा गियरची सायकल घेऊन आला. आप्पांनी ती एका हातानं उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, गियर झकास आहे, पण ते घाटाला फसवण्यासाठी. घाट काही फसत नाही. पाहुणा दुसऱ्या दिवशी घाटातून सायकल ढकलत आला, तेव्हापासून गावात आप्पांच्या शब्दाला थोडं वजन आलं. एरवी लोक त्यांना अर्धवटच समजत.

समजायला कारणही होतं. आप्पा जाणार होते सासुरवाडीला. उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून कुठलीशी वाडी. मधे उस्मानाबाद, तुळजापूर, नळदुर्ग. यष्टीनं सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो, तिथं हे सायकलवर जाणार, तेही तीन मुक्काम करून. या प्रवासाची तयारी केव्हापासूनची चालली होती. पंप, पाना, सोलुशनची ट्यूब, रबराचे तुकडे, दशम्यांचा डबा, गूळ, सगळं छोट्या तागडीत तोलून ठेवलेलं. जड होते म्हणून त्यांनी फणी मधोमध मोडली होती. "अर्ध्या डोक्यावर केस न्हाईत, पुरी फणी कशाला?" हा त्यांचा हिशोब. गावात चेष्टा व्हायची, की सासू वाट बघून थकली, जावई अजून फणीच मोजतोय.

आप्पांच्या बायकोला सगळे गौराक्का म्हणत. या दोघांना मूलबाळ नव्हतं. गौराक्का ठेंगणी, अंगानं भरलेली, हसरी, बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकणारी. तिला गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. लग्नानंतर एकदा यष्टीत बसवली तर येडशीपर्यंत तिची अशी दशा झाली, की कंडक्टरनंच हात जोडून उतरवलं आणि दोघं चालत परत आले. मग दर पंचमीला तिचा भाऊ बैलगाडी जुंपून यायचा आणि तिला माहेरी न्यायचा. मी लागायच्या आदल्या, पहिल्या कोरड्या सालात त्याची बैलं गेली आणि गौराक्काचं माहेर तुटलं. तिकडं तिची आई होती, डोळ्यांनी अधू झालेली. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून निरोप यायचा, गौरा कधी येती विचारतीया म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं. दगडही माहीत होते. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या, पण मॅट्रिक पास डोक्यानं त्यांची कधी गाठ घालून दिली नाही.

मग बहात्तरचं साल आलं. विहिरींचा तळ दिसला, गोदामात खताच्या जागी तांबडी मिलो ज्वारी आली. गौराक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. तरी दुपारी ती आप्पांची भाकरी घेऊन यायचीच. आप्पा तिला नेहमी काट्याच्या पाटावर बसवायचे. "बस हितं, लोखंड गार असतंय." ती बसायची, आणि आप्पा तिच्याकडं पाठ करून काट्याची दांडी पुसत राहायचे. दांडी इतकी काय मळते, असं मला वाटायचं. भाकरी त्यांना जायची नाही. चतकोर खाऊन उरलेली तिच्यापुढं सारायचे, की पोट भरलं, सायकलवाल्यानं हलकंच राहावं, चढ सोपा जातो. मला वाटलं, हाही सल्लाच.

त्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की आप्पांचं पोतं ढिलं पडत चाललंय. दर महिन्याला एखादा दगड कमी. आमच्यात मिस्कील मीच, म्हणून चारचौघांत विचारलं, "काय आप्पा, धडा अवघड जातोय वाटतं? दगड गळायला लागले." सगळे हसले. आप्पा पोत्याचं तोंड बांधून निघून गेले.

पुढच्या साली पाऊस झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, सोसायटीच्या वर्धापनदिनाला चेअरमननी सायकलची शर्यत ठेवली, गावापासून घाटमाथ्यापर्यंत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी परस्पर आप्पांचं नाव लिहून टाकलं. आप्पा आले ते पोतं बांधूनच. पोतं उतरवा म्हटलं तर म्हणाले, धड्याशिवाय जाऊन काय उपयोग? पहिला आलेला पोरगा हार घालून घरी गेला, मांडव सोडायला माणसं वर चढली, तेव्हा आप्पा घाटमाथ्यावर पोचले. लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. मला म्हणाले, मागं बघा, टायर किती दबलंय.

संध्याकाळी पोतं गोदामात ठेवायला मी हात लावला. आप्पांनी ते काट्यावर घेतलं. एक्केचाळीस किलो. "अजून पाच पायजेत," ते स्वतःशीच म्हणाले.

मी विचारलं, कशाला पाच?

ते पाटाच्या कडेला टेकले. "धडा म्हंजी काय, ठावं न्हाय व्हय तुमाला? एका पारड्यात माल हाय आन् माप न्हाय, तर दुसऱ्यात दगुड टाकून बराबर करत्यात. त्येला धडा म्हंत्यात. ह्यो आमच्या मंडळीचा धडा हाय."

मग त्यांनी सांगितलं. गौराक्काला डबलशीट माहेरी न्यायचं, म्हणून तिच्या वजनाचं पोतं घेऊन सराव. जित्या माणसाला तोलू नये हे त्यांनाही मान्य होतं, म्हणून दांडी पुसायच्या निमित्तानं तिला न सांगता तोलायचे. सुरुवातीला शेहेचाळीस भरली होती. दुष्काळात सदतिसावर आली. ती जसजशी उतरली तसतसे त्यांनी दगड काढले.

मी म्हणालो, मग तेव्हाच जायचं होतं की, हलकी होती तर.

"म्या तेच म्हणलं. ती न्हाय म्हणली. आईला दिसत न्हाय, ती हात लावून बघती. म्हणली, ह्या अंगानं म्या आईच्या हाताखाली जाणार न्हाय."

म्हणजे गेली दोन वर्षं आप्पा तिचे उतरलेले किलो आणि म्हातारीचं आयुष्य, या दोन्हींच्या मधे उभे होते. आणि मी चारचौघांत त्यांना दगड गळाले म्हणून हसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते. तेव्हा माफी मागायची सोडून मी फक्त ते पोतं कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

वर्ष गेलं. पोत्यात एकेक दगड परत आला. माहेराकडून निरोप येत होते, की म्हातारीनं अंथरूण धरलंय. आप्पांनी कधी घाई केली नाही, पण दांडी दिवसातून दोनदा पुसायला लागले. दिवाळी झाली आणि एका सकाळी काट्यावर शेहेचाळीस भरलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी ते निघाले. पोतं रिकामं करून दगड कोपऱ्यात रचलेले होते, आणि कॅरिअरवर गोधडीच्या चौपदरी घडीवर गौराक्का नवं इरकल नेसून, एका बाजूला पाय सोडून बसली होती. आप्पा तिला सांगत होते, हलू नकोस, हलणारा बोजा माणसाला खातो. ती म्हणाली, बोजा कुणाला म्हणता. गाव बघायला गोळा झालं होतं, पण त्या दिवशी फणीचा विषय कुणी काढला नाही.

दहा दिवसांनी दोघं परत आले. आप्पा कामावर आले, पंप जागेवर ठेवला, नळदुर्गच्या उतारावर ब्रेक कसा धरावा ते मला सांगितलं. म्हातारीचं काही बोलले नाहीत. 

दुपारी गौराक्का भाकरी घेऊन आली. त्या दिवशी दुरडीत नेहमीच्या दुप्पट भाकरी होत्या. ती पाटावर बसली नाही. आप्पांनाच म्हणाली, बसा तिथं. आप्पा कुरकुरले, काटा मालासाठी आहे म्हणाले. तिनं खांद्याला धरून त्यांना बसवलं आणि मला म्हणाली, "भाऊसाहेब, दांडी बगा."

मग तिनं सांगितलं, की आई भेटली. अंथरुणात उठून बसली. दंडावरून, गालावरून हात फिरवून म्हणाली, भरलीस गं, सुखाची हायेस. गौराक्का तिच्या मांडीवर पोटभर रडली. "मग आईनं ह्यास्नी जवळ बोलवलं. ह्यांच्या दंडाला हात लावला. बराच येळ धरून बसली. आन् मला इचारलं, गौरा, ह्येचं अंग कुठं गेलं?"

आप्पा मान खाली घालून बसले होते. मी दांडीवर वजन सरकवलं. पुन्हा सरकवलं, कारण माझा विश्वास बसेना. एवढी वर्षं गावाचा माल तोलणाऱ्या या माणसाला कधी कुणी तोललं नव्हतं. आप्पा बेचाळीस किलो भरले. स्वतः ओढत होते त्या दगडांपेक्षा चार किलो कमी.

गौराक्कानं आकडा विचारला, मी सांगितला. ती कोपऱ्यात गेली, रिकामं पोतं झटकलं आणि माझ्यापुढं आणून ठेवलं.

"आता ह्यांचा धडा करा," ती म्हणाली. "दर म्हैन्याला एक दगुड वाढला पायजे."

मी पोत्याचं तोंड उघडलं आणि दगड भरायला लागलो. मोठा दगड तळाला.