राखणदाराची भाकर

दीप्तीला हिराबाईंच्या शेतातून भाताचा एक दाणाही नको होता. तिला हवी होती फक्त उंची, तीही सेंटिमीटरमध्ये. त्या उंचीत तिची सहा वर्षं रखडलेली पीएच.डी. होती आणि ‘अजून गवतच मोजतेस का गं?’ असं विचारणाऱ्या डहाणूच्या आत्याचं तोंड कायमचं बंद होणं होतं. एवढ्या लाभापुढे दर गुरुवारी कासाहून जीपमध्ये अर्ध्या मांडीवर बसून पाड्यावर येणं म्हणजे काहीच नव्हतं.

शेताच्या कोपऱ्यात तिने एकाआड एक ओळी लावल्या होत्या. एक साध्या भाताची, एक करपा न लागणाऱ्या भाताची. दुसरीला लाल रिबीन. लाल रिबिनीची रोपं निरोगी, पण बुटकी. हिराबाईंना ते पाहवेना.

“बाय, ही अशी खुरटी का गं?”

“मावशी, यांच्यात रोगाशी लढणारं जनुक आहे. ते कायम जागं. रोग नसला तरी पहारा चालूच. ताकद तिकडे जाते, वाढायला कमी उरते. किती कमी, तेच मला मोजायचंय.”

जनुक हिराबाईंना कळलं नाही, पहारा मात्र पक्का कळला. “म्हंजे शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं हाकणारा गडी. रातभर जागल्यावर दिवसा काय नांगर धरणार?”

“अगदी तस्संच!” दीप्ती खूश झाली.

“मंग त्याला भाकर कोण नेतं?”

दीप्ती नुसती हसली आणि टेप गुंडाळून जीपकडे पळाली.

पुढच्या पाच गुरुवारांत लाल रिबीन चढत चढत शेजारच्या ओळींना भिडली. दीप्तीने धापा टाकत तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना, शांतारामसरांना फोन लावला.

“सर, बुटके वाढले!”

“कोण बुटके?”

“लाल रिबीन! रोग नाही, आणि उंचीही पुरी!”

“कोणाला बोलू नकोस,” सर म्हणाले आणि स्वतः तेवढं तिघांना बोलले. पुढच्याच गुरुवारी त्या तिघा प्राध्यापकांना गाडीत घालून सर हजर. परिषदेतल्या भाषणाचं नाव वाटेतच ठरलेलं. पँट दुमडून ते चिखलात उतरले.

“अद्भुत! काही जास्त न खाता पहारा देणारं रोप!”

“न खाता कसं?” बांधावरून हिराबाई दुखावल्या. “दर सोमवारी मूठमूठ लेंडीखत दाबते मी मुळाशी. जागणाऱ्याला दोन घास जास्त नकोत?”

“आणि... बाकीच्या ओळींना?” सरांचा आवाज खोल गेला.

“त्या झोपतात ना!”

तिघेही प्राध्यापक एकदम ढगांकडे बघू लागले. तुलनाच बुडाली होती. हंगाम वाया, वर्ष वाया. दीप्ती बांधावर मटकन बसली. हिराबाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

“बाय, चुकलं का गं माझं?”

ओरडायला उघडलेलं तोंड दीप्तीने मिटलं. “नाही मावशी. तुम्ही विचारलं होतंत. मीच सांगितलं नाही.” मग नाक पुसत म्हणाली, “पण एवढं खत आणलंत कुठनं? शेळ्या तर दोनच तुमच्या.”

हिराबाईंनी पदर सावरला आणि भलतीकडे पाहिलं. दीप्तीने बांधापलीकडे पाहिलं. तिथे हिराबाईंचा स्वतःचा भात गुडघ्याएवढा, पिवळट, मुकाट उभा होता.

ती उठली, त्या भातात शिरली आणि टेप लावून, आपल्या साध्या ओळींहून तो किती कमी भरतो ते पाहून आली. मग वहीत लिहिलं : पहाऱ्याचा खर्च. रोपांनी काही भरला नाही. सरांनी एक भाषण, मी एक वर्ष. हिराबाईंनी अकरा सेंटिमीटर.